सीतेची वेणी घरी वाढविताना : प्रस्तावना

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकणच्या सखल मुलखात आणि गोमंतकातील कुळागरांच्या कडेने वैशाख सरत येतो, त्या सुमारास जुन्या आंब्यांच्या, जांभळांच्या आणि ऐनांच्या फांद्यांवरून जे पांढरे-गुलाबी, वीतभर ते हातभर लांबीचे तुरे खाली लोंबू लागतात आणि ज्यांना आपल्या लोकांनी सीतेची वेणी असे नाव देऊन ठेवले आहे, त्यांचे कौतुक मराठी माणसाने मनापासून केले असले, तरी हे झाड घरी आणल्यावर त्याला काय द्यावे, काय देऊ नये आणि वर्षाच्या कोणत्या काळात त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावी, याची सविस्तर चर्चा आपल्या भाषेत क्वचितच झाली आहे. गुलाब, मोगरा, शेवंती यांच्या मशागतीचे ज्ञान घरोघर आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले असल्यामुळे भरवशाचेही आहे. परंतु ते सारे ज्ञान मातीशी बांधलेले आहे. ज्या वनस्पतीने आपल्या संपूर्ण आयुष्यात मातीला स्पर्श केलेला नसतो, तिच्या बाबतीत तेच ज्ञान हातून नकळत घात घडवून आणते. कुंडी, काळी माती, शेणखत आणि दररोज सायंकाळी तांब्याभर पाणी, या चार गोष्टींनी जितकी ही वनस्पती घरोघर मेली असेल, तितकी ती कोणत्याही किडीने मेली नसावी. प्रस्तुत पुस्तिका लिहिण्याचे प्रयोजन हेच आहे.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा म्हणतात. आमरी कुलातील, म्हणजे ज्याला आता सर्रास ऑर्किड म्हटले जाते त्या कुलातील, ही अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या केवळ आधारावर वाढणारी वनस्पती, होय. आखूड, जाड खोडाच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्यासारखी, चामट, मध्यशिरेवर पन्हळ पडलेली पाने. पानाचे टोक दुभंगलेले व कुणी कुरतडल्यासारखे. खोडाच्या तळापासून निघालेली जाड, पांढरट मुळे. आणि पानांच्या बगलेतून निघून खाली झुकणारा, शंभराहूनही अधिक फुलांनी गच्च भरलेला तुरा, ज्याच्या प्रत्येक फुलाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात, एवढे वर्णन ओळख पटण्यास पुरेसे आहे. खोड वरच्या टोकाने वाढते आणि त्याला एकच शेंडा असतो. हा शेंडा कुजला तर पुष्कळदा झाडच जाते, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच मनात पक्की करून ठेवावी, कारण पुढील प्रकरणांतील निम्म्याहून अधिक सूचना या एका शेंड्याच्या रक्षणासाठीच दिलेल्या आहेत.

या सर्व सूचनांच्या मुळाशी एकच विचार आहे. हे झाड जो घरी आणतो, तो त्याच्या फांदीची जागा घेतो. फांदी या झाडाला काय देत होती, याचा नीट तपशील लावला, तर त्याच्या संगोपनाचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात, आणि तो तपशील न लावता केवळ खतांच्या व औषधांच्या नावांची यादी पाठ केली, तर एकही सुटत नाही. फांदी आधार देते. ती झाडाला जमिनीच्या दमट, कोंदट थरापासून उंच नेऊन ठेवते, जेथे वारा अखंड वाहतो. तिच्या स्वतःच्या पर्णभारातून चाळून आलेले ऊन ती खाली सोडते. पावसाचे पाणी ती क्षणभर सालीच्या भेगांत थोपवते आणि लगेच उतारावरून वाहू देते; त्या भेगांत अडकलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ यांतून विरघळलेले अत्यल्प क्षार तेवढे मुळांच्या वाट्याला येतात. इतकेच. फांदी आपल्या रसातला एक थेंबही या पाहुण्याला देत नाही आणि हा पाहुणाही तिच्याजवळ तो मागत नाही.

हे शेवटचे विधान अनेकांना सहजासहजी पटत नाही, आणि त्यामुळे या निरुपद्रवी झाडाचे फार मोठे नुकसान झाले आहे. आंब्याच्या बागांत बांडगूळ माजते, ते फांदीच्या आत आपली शोषक मुळे खुपसून तिचा रस ओढते आणि कालांतराने फांदी वाळवते, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते. आणि ते वेळीच तोडून टाकावे, हा सल्लाही अगदी रास्त आहे. परंतु त्याच कोयत्याने त्याच फांदीवरची आमरीही साफ केली जाते, कारण दोन्ही परकी, दोन्ही फांदीवर बसलेली, म्हणून दोन्ही गुन्हेगार, असा निवाडा चौकशीविना झालेला असतो. आमरीचे मूळ सालीच्या पृष्ठभागावर घट्ट चिकटते, भेगेत शिरते, फांदीला वळसा घालते, पण सालीच्या आतील जिवंत थरात ते कधीही उतरत नाही. ज्यांना शंका असेल, त्यांनी वादळात मोडून पडलेल्या फांदीवरील एखादे मूळ नखाने अलगद उकलून पाहावे: खालची साल अखंड दिसेल. माझ्या मते एखाद्या गावाच्या बागायतदारांना एवढा एक भेद समजावून देणे, हे शंभर झाडे कुंड्यांत वाढविण्यापेक्षा अधिक मोलाचे काम आहे.

मग हे झाड पाणी कोठून घेते? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मुळांच्या रचनेत आहे, आणि ही रचना इतकी विलक्षण आहे की ती समजून घेण्यात वाचकांनी थोडा वेळ घालवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुळाचा जो जिवंत गाभा, त्याच्याभोवती मृत, पोकळ पेशींचे अनेक थरांचे आवरण असते. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते आणि म्हणून मूळ रुपेरी पांढरे दिसते. पावसाचा पहिला शिडकावा होताच ते आवरण टिपकागदाप्रमाणे पाणी टिपून घेते, त्याची पारदर्शकता वाढते आणि आतील हरितद्रव्य दिसू लागल्यामुळे तेच मूळ पाहता पाहता हिरवे होते. हे टिपलेले पाणी गाभ्याकडे सावकाश पोहोचते, आणि बाहेरचा वारा सुटला की आवरण पुन्हा कोरडे होऊन पुन्हा हवेने भरते. ओले होणे आणि कोरडे होणे ही दोन्ही या मुळाची स्वाभाविक कार्ये आहेत. त्यांतले दुसरे हिरावून घेतले, म्हणजे मूळ सदैव ओलसर मातीत किंवा चिंब काथ्यात गाडून ठेवले, तर त्याला हवा मिळत नाही, ते आतून तपकिरी होते, दाबल्यावर पोकळ लागते, आणि झाड पाण्यात बसलेले असूनही तहानेने सुरकुतत जाते. नवखा मनुष्य त्या सुरकुत्या पाहून आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी केव्हा द्यावे, याचा हुकूम घड्याळाकडून घेऊ नये, मुळाच्या रंगाकडून घ्यावा. मूळ हिरवे आहे तोवर हात आवरावा. ते पूर्ण रुपेरी झाले की मनसोक्त भिजवावे.

पानांचा व्यवहारही असाच स्वतंत्र आहे. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. परंतु अशा जाड पानांच्या अपिवनस्पती दिवसाच्या उन्हात रंध्रे मिटून पाण्याची बचत करतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात व दुसऱ्या दिवशीच्या प्रकाशात त्यातून आपले अन्न तयार करतात. निवडुंग आणि अननस यांचाही हाच शिरस्ता आहे. या एका वस्तुस्थितीतून घरगुती संगोपनाचे दोन नियम निघतात. दिवसापेक्षा रात्र काहीशी थंड व हवेशीर असणे झाडाच्या हिताचे असते, तेव्हा बंद खोलीच्या कोपऱ्यात, दिवाणखान्याची शोभा म्हणून ते कायम ठेवून देणे गैर होय. आणि पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्र होण्यापूर्वी शेंडा व पानांच्या बगला कोरड्या होतात.

या झाडाचा लिखित इतिहास आपल्या भूमीशी अनपेक्षित रीतीने जोडलेला आहे. सतराव्या शतकात मलबारमधील डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमलदार हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने त्या प्रदेशातील वनस्पतींची चित्रे व वर्णने गोळा करून हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि त्यांनी १६७५ साली कोकणी भाषेत व नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापलेला आहे. अखेरच्या, बाराव्या खंडात झाडांवर वाढणाऱ्या आमरींना स्थान मिळाले असून सीतेच्या वेणीचे चित्र त्यात आहे. तो खंड बाहेर पडण्यापूर्वीच, १६९१ साली, ऱ्हीड समुद्रप्रवासात वारला आणि त्याला सुरतेत पुरण्यात आले. पुढे १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसाने या वनस्पतीला झाडांवर राहणाऱ्या आमरींच्या आपल्या मोठ्या, सरसकट गटात टाकले, आणि १८२५ साली जावातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ब्लूम या शास्त्रज्ञाने तिला आजचे स्वतंत्र नाव दिले.

ओळख पटली, पण संगोपनाचे ज्ञान मात्र फार उशिरा आले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील धनिकांना उष्ण देशांतील आमरींचे वेड लागले. डेव्हनशायरच्या ड्यूकने १८३५ साली आपला माळी जॉन गिब्सन याला खासी टेकड्यांकडे पाठविले आणि तो १८३७ साली आमरींचा मोठा संग्रह घेऊन परतला. १८५० साली त्याच टेकड्यांतून वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी निळ्या वांडा या आमरीची सात माणसांनी वाहावी एवढी ओझी गोळा केली, आणि त्यांतली अगदी थोडी झाडे जिवंत पोहोचली. जी पोहोचत, त्यांचेही पुढे काय होई? हे उष्ण देशांतले जीव आहेत, तेव्हा त्यांना उष्णता, वाफ आणि बंद दारे हवीत, अशा समजुतीने ती कोळशाच्या भट्ट्यांनी तापविलेल्या कोंदट काचगृहांत ठेवली जात आणि हजारोंनी मरत. त्याच ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांच्यासारख्यांनी खेळत्या हवेचा आणि वेगवेगळ्या उष्णतामानाच्या दालनांचा पुरस्कार केला, तेव्हा कोठे हे मृत्युसत्र मंदावले. या इतिहासाचा हवाला मी मुद्दाम देत आहे. कारण पाश्चात्त्य पुस्तकांतील पुष्कळशा सूचना थंड देशातील काचघरात उष्ण कटिबंध कसा निर्माण करावा, या चिंतेतून लिहिलेल्या आहेत, आणि ज्याच्या दाराशी प्रत्यक्ष नैर्ऋत्य मोसमी पाऊस येऊन उभा राहतो, त्या रत्नागिरीच्या किंवा पुण्याच्या वाचकाने त्या शब्दशः पाळणे म्हणजे घरातील विहीर सोडून परगावच्या पाणपोईवर अवलंबून राहणे होय. आपल्याकडील ग्रंथसंपदा वेगळ्या प्रकारची आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी नोंद प्रसिद्ध केली ती, आणि फादर सांतापाव व कापडिया यांचा मुंबईच्या आमरींवरील १९६६ चा ग्रंथ, ही अभ्यासकांची मोठी पुण्याई आहे. पण त्यांचा विषय झाड ओळखणे हा आहे, वाढविणे हा नव्हे.

वाढविण्याचे पंचांग आपल्यापाशी आधीच आहे, आणि ते नक्षत्रांचे आहे. रोहिणीत वळवाचे दोन-चार शिंतोडे पडतात, मृग लागतो, आणि उन्हाळाभर मिटून बसलेली मुळांची टोके हिरवीगार होऊन पुढे सरकू लागतात. फुलांचा बहर याच सुमारास ओसरत असतो. झाड नव्या आधारावर बांधायचे असेल, टोपली बदलायची असेल, तर तो मुहूर्त हाच. कारण नवे मूळ ज्या वस्तूला स्पर्श करीत वाढते तिलाच घट्ट धरते, आणि जुने, वाढ थांबलेले मूळ पुन्हा नव्याने काही धरीत नाही. आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य या तीन नक्षत्रांत कोकणातला पाऊस आठवडे-आठवडे थांबत नाही, आणि तरीही रानातले झाड कुजत नाही, याचे कारण फांदीवरचा वारा आणि तिचा उतार. घराच्या सज्ज्यात यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे झाड सरळ उभे बांधले, तर शेंड्यात पाणी साचते. म्हणून ते आडवे, किंचित खाली झुकलेले, शेंडा बाहेरच्या बाजूस राहील असे बांधावे. पाऊस अंगावर पडण्यास हरकत नाही. परंतु पत्र्याच्या किंवा कौलांच्या पागोळ्या अखंड एकाच ठिकाणी पडत राहतील अशा जागी ते कदापि टांगू नये. जेथे वारा फिरत नाही अशा बैठ्या चाळीच्या किंवा चारी बाजूंनी वेढलेल्या इमारतीच्या सज्ज्यात, आषाढातले काही दिवस ते छपराखाली घेणेच शहाणपणाचे.

आश्लेषा-मघांपासून ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, आणि झाडाच्या वर्षातला हाच खरा वाढीचा हंगाम असतो. नवे पान शेंड्यातून वर येते, मुळे दिवसागणिक लांबतात, आणि जे थोडे खत द्यावयाचे ते या काळात स्वीकारले जाते. हस्ताचा गडगडाट संपून चित्रा-स्वातीत आकाश निवळले, की आश्विनातल्या उन्हात रोज सकाळी पाणी द्यावे, आणि मग हळूहळू, पंधरा-वीस दिवसांच्या अवधीत, हात आखडता घ्यावा. मार्गशीर्ष-पौषात मुळांच्या टोकांवर पांढरे आवरण चढून ती बंद होतात. झाडाने आपले दप्तर बांधून ठेवले आहे, असे समजावे. रानात त्याला या दिवसांत पहाटेच्या दहिवरावाचून काही मिळत नाही. घरी तीन-चार दिवसांनी एकदा सकाळी मुळे भिजविणे पुरेसे होते, आणि खत पूर्णपणे बंद ठेवावे. पानांवर किंचित सुरकुती दिसू लागली, तरी घाबरून जाऊन पाण्याचा मारा करू नये. या विश्रांतीत बाधा आणलेले झाड हिरवेगार राहते खरे, पण पुष्कळदा फुलत नाही, आणि मग त्याच्या मालकाला त्याचे कारण काही केल्या सापडत नाही. फाल्गुनापासून पाणी पुन्हा वाढवावे. चैत्रात पानाच्या बगलेतून तुऱ्याचा हिरवा कोंभ बाहेर डोकावतो. तो दिसल्यापासून फुले उमलेपर्यंत झाडाची जागा व दिशा बदलू नये, आणि मुळे कोरडी पडताच पाणी देण्यात कुचराई करू नये, नाहीतर कळ्या पिवळ्या पडून गळतात. बहर दोन-तीन आठवडे टिकतो. त्यानंतर धरलेली बोंडे घरच्या लहान झाडावर ठेवू नयेत, कारण ती पोसण्यात त्याची बरीच शक्ती खर्ची पडते.

आधारासाठी सागवानी पट्ट्यांची उघडी टोपली सर्वांत सोयीची, आणि तिच्यात लोणारी कोळशाचे व विटांचे अक्रोडाएवढे तुकडे सैलसर घालावेत. किंवा काहीच न घालता झाड नुसतेच टोपलीत बसवावे, आणि मुळांना वाटेल तिकडे लोंबू द्यावे. खडबडीत सालीच्या लाकडाचा जुना, टिकाऊ तुकडा त्याहून उत्तम. नारळाचे सोडण कोकणात फुकट मिळते म्हणून त्याचा मोह होतो, पण ते पावसाळ्यात फार पाणी धरून ठेवते आणि दीड-दोन वर्षांत कुजू लागते. ते वापरायचेच असेल, तर अनेक दिवस पाणी बदलून भिजवून, त्यातला क्षार व रंग काढून टाकून, मुळांच्या खाली केवळ एक पातळ तुकडा ठेवावा. बांधण्यासाठी सुती कापडाची पट्टी किंवा तागाची सुतळी घ्यावी. ती पाऊस संपेपर्यंत टिकते, आणि तोवर मुळांनी स्वतःची पकड घेतलेली असते. बांधलेले झाड हलता कामा नये, ही एक अट मात्र कठोरपणे पाळावी. वाऱ्याने डुलणाऱ्या झाडाच्या मुळांची कोवळी टोके घासून निकामी होतात.

उन्हाविषयी पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा येथे एवढेच सांगतो की सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंतचे कोवळे ऊन आणि नंतर उजेडाची सावली, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी जमते. पाने गडद हिरवी व लांबट होत चालली तर उजेड कमी आहे, आणि पिवळट होऊन त्यांवर तांबूस ठिपके येऊ लागले तर तो अधिक आहे. खताच्या बाबतीत आपल्या लोकांची उदारता आवरावी लागते. बाजारात मिळणारे एकोणीस-एकोणीस-एकोणीस प्रकारचे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक घालू नये, आठवड्यातून एकदाच द्यावे, आणि अधूनमधून साध्या पाण्याने मुळे धुऊन काढावीत. दख्खनच्या पठारावरील बहुतेक विंधनविहिरींचे पाणी क्षारयुक्त असते व मुळांवर पांढरी पुटे चढविते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठविण्याची तजवीज करावी. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांना सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापडाने पुसून काढता येते. पावसाळ्यातल्या गोगलगायी मात्र मुळांची हिरवी टोके एका रात्रीत फस्त करतात, आणि त्यांच्यावर कंदील घेऊन हाताने वेचून काढण्याइतका खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आता ज्या प्रश्नाने मला ही पुस्तिका लिहिताना सर्वाधिक अस्वस्थ केले, त्याकडे वळतो. झाड आणायचे कोठून? घाटातल्या एखाद्या वळणावर, पावसाच्या तोंडाशी, फांदीवरून ओरबाडून काढलेल्या आमरींच्या जुड्या विकावयास ठेवलेल्या दिसतात, आणि शहरातून आलेले हौशी लोक त्या अत्यल्प किमतीत घेऊन जातात. त्या जुडीतल्या झाडांची मुळे तुटलेली असतात, त्यांतली बहुसंख्य पहिल्याच वर्षी मरतात, आणि जी फांदी रिकामी होते ती पुन्हा भरण्यास किती काळ लागतो, हे त्यांचे बीज कसे रुजते हे ठाऊक असल्याविना समजत नाही. आमरीच्या एका बोंडात धुळीइतके सूक्ष्म असे लाखो बीजकण असू शकतात. परंतु त्यांत अन्नाचा साठाच नसतो. वाऱ्याने उडालेला कण योग्य सालीवर, योग्य ओलाव्यात पडला आणि तेथे त्याला विशिष्ट कवकाची साथ मिळाली, तरच तो अंकुरतो. बाकीचे सारे वाया जातात. कवकाचे हे कार्य नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली ओळखले. त्यानंतर १९२२ साली अमेरिकेतील लुइस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या पोषक द्रव्यावर, कवकाच्या मदतीविना, काचपात्रात हे बीज रुजवून दाखविले, आणि आजच्या रोपवाटिकांतील लक्षावधी रोपे त्या शोधाचे देणे आहेत. काचपात्रातून बाहेर काढलेले रोप फुलण्यास चार-पाच वर्षे लागतात. एवढ्या काळाची मेहनत ज्याने घेतली, त्याला त्याची किंमत मोजणे हे कर्तव्य समजावे, आणि रानातून खुडून आणलेले झाड कितीही स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये. राखीव जंगलातून परवान्याविना वनस्पती काढणे हा कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा नसता, तरीही माझे म्हणणे बदलले नसते.

एका अपवादाची नोंद करणे आवश्यक वाटते. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण झाले, त्यात दुतर्फा असलेले जुने, प्रचंड वृक्ष पडले, आणि त्यांच्या फांद्यांबरोबर त्यांवरच्या आमरीही जमिनीवर आल्या. पडलेल्या वृक्षावरील झाड जमिनीवर फार दिवस जगत नाही. अशा वेळी संबंधित खात्याची परवानगी घेऊन ती झाडे सालीच्या तुकड्यासकट उचलून जवळच्याच एखाद्या उभ्या वृक्षावर बांधणे, हे खरे रक्षण होय. ती शहरातल्या सज्ज्यात नेण्याऐवजी त्याच गावातल्या देवराईत, शाळेच्या आवारातल्या आंब्यावर किंवा घरामागच्या फणसावर बांधली, तर त्या परिसरातील कवक, कीटक व हवामान त्यांना सोबत करतात आणि पुढच्या पिढीचे बीजही तेथेच पडते. आसामात हेच फूल कपौ फूल म्हणून ओळखले जाते. ते त्या राज्याचे मानाचे फूल आहे, वैशाखातल्या बिहूच्या दिवसांत नर्तकी ते अंबाड्यात माळतात, आणि तेथील घरांच्या आवारातल्या झाडांवर ते सांभाळले जाते. आपल्याकडेही ज्यांना अंगण आहे आणि त्या अंगणात जुना वृक्ष आहे, त्यांनी टोपली, कोळसा, सुतळी यांच्या खटाटोपात न पडता रोपवाटिकेतून आणलेले रोप सरळ त्या वृक्षावर बांधावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालावे लागेल. पुढे फांदी आपले काम स्वतः पाहते.

पुस्तिकेतील तिथी व नक्षत्रे कोकण, गोमंतक आणि घाटमाथा यांना धरून दिलेली आहेत. पुणे, सातारा, कोल्हापूर या बाजूच्या वाचकांना फारसा फेर करावा लागणार नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाळ्यातील कोरडी हवा हीच मुख्य अडचण असल्यामुळे तेथे चैत्र-वैशाखात हिरव्या जाळीची सावली आणि सकाळ-दुपार असे दोन वेळा पाणी लागते, तर पौषातल्या कडाक्याच्या रात्री झाड आत घ्यावे लागते. परदेशी थंड मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडूनही विचारणा होते. त्यांनी झाड दक्षिणेकडच्या खिडकीशी, रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाणार नाही अशा जागी टांगावे, हिवाळ्यातील विश्रांती तेथेही पाळावी, आणि ते त्यांच्याच देशातील रोपवाटिकेतून विकत घ्यावे, कारण समस्त आमरी कुल आंतरराष्ट्रीय व्यापारनियमांच्या कक्षेत येत असल्यामुळे येथून रोप सामानात टाकून नेणे बेकायदा ठरते. खरेदी करताना फुले मोजू नयेत. रोप उलटे करून मुळे पाहावीत, त्यांतली निदान तीन-चार टणक व हिरव्या टोकांची आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि ते ज्येष्ठ लागण्यापूर्वी घरी येईल अशा बेताने आणावे.